बाटलीचे बूच : त्याची पारख, साठवण व तयारी

द्राक्षाच्या वेलास छाटणीपासून तोडणीपर्यंत किती वेळा हात लावावा लागतो, हे आमच्या बागाईतदार वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. भुरी व केवडा यांची धास्ती, फुलोऱ्याच्या वेळचे ढगाळ हवामान, तोंडाशी आलेल्या घडांवर पडणारा अवेळी पाऊस, ही सर्व संकटे ओलांडून जो माल हाती येतो, त्याची वाइन करावयाची म्हटल्यास पुढे आणखी कित्येक महिन्यांची राखण असते. रस आंबवावा लागतो, गाळ खाली बसू द्यावा लागतो, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा निवळून घ्यावे लागते. इतके सारे झाल्यावर त्या मालाचे रक्षण ज्या वस्तूकडे सोपविले जाते, ती वस्तू म्हणजे जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम वजनाचे एक बूच होय. हे बूच बिघडलेले निघाल्यास वाइन बिघडते. आणि ती बिघडल्याचे कळते ते वर्ष-दोन वर्षांनी बाटली उघडल्यावर, जेव्हा कोणताही उपाय हाती उरलेला नसतो.

बुचाच्या बाबतीत दोन चुका सर्रास आढळतात. बाटल्या भरण्याच्या दिवशी त्याच्यावर नको तितके उपचार केले जातात, आणि त्यापूर्वीच्या महिन्यांत मात्र त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. कोठीच्या कोपऱ्यात महिनोन्महिने पडलेली बुचे आयत्या वेळी काढून तास-दोन तास उकळली म्हणजे ती शुद्ध व मऊ होतात, असा समज जुन्या पुस्तकांमुळे पुष्कळ ठिकाणी रूढ झालेला आहे. आमचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट आहे. बूच बियाण्याप्रमाणे सांभाळावे. ओल लागून मुकलेले बियाणे पेरणीच्या आदल्या रात्री कितीही खटपट केली तरी उगवत नाही, आणि नीट राखलेल्या बियाण्यास फारशी खटपट लागतही नाही. बुचाचेही तसेच आहे. हे असे का, व साठवण नेमकी कशी करावी, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

कायद्याविषयी दोन शब्द

विषयास हात घालण्यापूर्वी एक सूचना देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे; मग ते स्वतःच्या बागेतील द्राक्षांचे व घरच्यापुरतेच का असेना. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाविषयीचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची योजना झाली, आणि काही बागाईतदारांनी रीतसर परवाने घेऊन स्वतःचे लहान-मोठे कारखाने काढले. परदेशची गोष्ट निराळी आहे. पोर्तुगाल, इटली, फ्रान्स ह्या देशांत द्राक्षे पिकविणारा शेतकरी घरची वाइन घरीच भरतो. अमेरिकेत दोन किंवा अधिक प्रौढ माणसांच्या कुटुंबास घरगुती वापरासाठी वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, वाइन कर न भरता करण्याची मुभा तेथील केंद्रीय कायद्याने दिलेली आहे. तेथे स्थायिक झालेले आमचे मराठी बांधवही तिचा लाभ घेऊ शकतात. तेव्हा पुढील मजकूर परवानाधारक बागाईतदारांसाठी व जेथे अशी मुभा आहे तेथील वाचकांसाठी आहे, असे समजावे.

बूच म्हणजे काय

आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या, लांब देठाच्या सुगंधी फुलांचे जे उंच झाड असते, त्यास आकाशनिंब किंवा बुचाचे झाड म्हणतात. त्याच्या सालीपासून हलक्या प्रतीचे बूच निघू शकते, म्हणून हे नाव पडले. परंतु वाइनच्या बाटलीस लागणारे खरे बूच ह्या झाडाचे नव्हे. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटलीचे सार्डिनिया बेट व फ्रान्सचा दक्षिण भाग एवढ्याच मुलखात हा वृक्ष मुबलक आहे. जगातील जवळजवळ अर्धे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते, आणि त्यातही आलेंतेझू नावाचा दक्षिणेकडील प्रांत प्रमुख आहे.

ह्या वृक्षाची शेती ऐकून आमच्या वाचकांस आंब्याच्या बागेची आठवण होईल. परंतु धीराच्या बाबतीत तेथील शेतकऱ्याने आपल्यावर ताण केली आहे. झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर त्याची साल प्रथम काढतात. ही पहिली साल खडबडीत व भेगाळ असते. तिची बुचे होत नाहीत. त्यानंतर पुढची साल काढण्यास निदान ९ वर्षे थांबावे लागते. पोर्तुगालमध्ये ह्याहून लवकर साल काढण्यास कायद्याने बंदी आहे. दुसरी सालही बाटलीच्या बुचास योग्य नसते. तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाड ४३ वर्षांचे झाल्यावर, बाटलीस योग्य अशी साल प्रथम मिळते. साल काढण्याचा हंगाम मेपासून ऑगस्टपर्यंतचा. कसबी मजूर कुऱ्हाडीने उभे-आडवे छेद घेऊन सालीचे मोठे पत्रे सोडवितात. आतील जिवंत थरास कुऱ्हाड लागली तर झाडाची कायमची हानी होते, म्हणून हे काम अद्यापि हातानेच व अनुभवी माणसांकडूनच करवितात. साल काढलेल्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी केव्हा हे कोणासही कळते. १७८३ साली लावलेला असा एक वृक्ष पोर्तुगालमध्ये आजही उभा असून २०१८ साली त्यास युरोपातील त्या वर्षीच्या वृक्षाचा मान मिळाला.

काढलेले पत्रे निदान सहा महिने उघड्यावर मुरू देतात, आणि नंतर सुमारे तासभर उकळत्या पाण्यात ठेवतात. ह्यायोगे साल स्वच्छ होते, फुगते, मऊ पडते व सपाट करता येते. मग तिच्या पट्ट्या कापून त्यांतून बुचे पाडतात, धुतात, ठराविक ओलीपर्यंत सुकवितात, आणि शेवटी पॅराफिन किंवा सिलिकोन ह्यांचा अतिशय पातळ लेप देऊन हवाबंद पिशव्यांत भरतात. वाचकांनी ध्यानात ठेवावे की, उकळण्याचे जे काम करावयाचे ते कारखान्यात, साल सबंध असतानाच, होऊन गेलेले असते.

बुचाचा गुण कशात आहे

रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बुचाचे चित्र दिले, आणि त्यातील लहान लहान कप्प्यांस त्याने जे नाव दिले, तेच पुढे सर्व सजीवांच्या पेशींस लागू झाले. एका घन सेंटिमीटर बुचात असे सुमारे चार कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्पा बंद असून त्यात हवेसारखा वायू कोंडलेला असतो, आणि कप्प्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचे मेणासारखे द्रव्य असल्याने पाणी आत सहजी शिरत नाही. बूच दाबले की हे कप्पे घड्या घातल्याप्रमाणे मिटतात, आणि दाब काढला की पुन्हा उघडू पाहतात. बाटलीच्या गळ्याचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो आणि बुचाचा २४ मिलिमीटर. यंत्राने ते सुमारे १६ मिलिमीटरपर्यंत दाबून गळ्यात ढकलले जाते, व आत जाताच फुगून काचेस सर्व बाजूंनी घट्ट धरते. वाइनचे रक्षण होते ते ह्या पकडीमुळे.

परंतु ही पकड बुचातील ओलीवर अवलंबून असते. वजनाच्या ५ ते ८ टक्के ओल असली म्हणजे बूच लवचीक राहते. ती ह्याहून बरीच कमी झाली की बूच कडक होते, दाबताना त्याचे तुकडे पडतात, काठाला चिरा जातात आणि भुसा वाइनमध्ये पडतो. ती वाढली तर बुरशी धरते. तात्पर्य, बूच राखणे म्हणजे त्यातील ओल राखणे होय. ज्या शेतकऱ्याने ज्वारी-गव्हाचे बी कणगीत राखले आहे, त्यास ही गोष्ट नवी नाही.

खरेदी व पारख

बाजारात बुचांचे तीन-चार प्रकार मिळतात. एकसंध सालीतून पाडलेले बूच सर्वांत उत्तम व महाग. दोन-तीन वर्षांहून अधिक काळ ठेवावयाच्या वाइनीस तेच घ्यावे. एकसंध बुचाच्या अंगावर ज्या बारीक आडव्या रेघा व भोके दिसतात, ती सालीची श्वासरंध्रे होत. ती थोडी व बारीक असावीत; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली खाच असल्यास ते बूच बाजूस काढावे. दुसरा प्रकार सालीच्या कण्या चिकटवून केलेल्या बुचांचा. ही स्वस्त असतात व वर्षाच्या आत संपवावयाच्या वाइनीस चालतात. तिसऱ्या प्रकारात मधला भाग कण्यांचा व दोन्ही टोकांस एकसंध सालीची चकती असते. वाइनीस चकतीचाच स्पर्श होत असल्याने बेताच्या किमतीत हा प्रकार चांगला. ह्याशिवाय कृत्रिम द्रव्याची बुचेही मिळतात; त्यांस ओलीची चिंता नसते, परंतु हलक्या हातयंत्राने ती नीट बसत नाहीत.

लांबीच्या बाबतीत ३८ मिलिमीटरचे बूच लवकर संपणाऱ्या वाइनीस पुरते. अधिक काळ ठेवावयाची असल्यास ४५ मिलिमीटरचे घ्यावे. खरेदी करताना एक बूच चिमटीत दाबून पाहावे. ते दबले पाहिजे व लगेच पूर्ववत झाले पाहिजे. नखाने काठ कुरतडल्यास भुसा पडत असेल तर तो माल जुना व सुकलेला समजावा. वासाचीही परीक्षा अवश्य करावी. उकळून निवविलेले पाणी काचेच्या स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात चार-पाच बुचे टाकावी, झाकण लावून एक दिवस ठेवावी व दुसऱ्या दिवशी झाकण काढताच हुंगावे. ओल्या गोणपाटाचा किंवा कुबट तळघराचा वास आल्यास ती पिशवी परत करावी. परीक्षेची बुचे मात्र पुन्हा वापरू नयेत.

किती बुचे घ्यावी ह्याचा हिशेब सोपा आहे. बाटली ७५० मिलिलिटरची धरल्यास १०० लिटर वाइनीस १३३ बाटल्या लागतात. मोडतोड व परीक्षा धरून १४५ बुचे पुरे होतात. स्वस्त पडते म्हणून हजाराची पिशवी घेऊन ती तीन वर्षे पुरविणे ह्यात काटकसर नाही. एका हंगामात लागतील तेवढीच बुचे घ्यावी, आणि तीही बाटल्या भरण्याच्या तारखेस धरून. एकदा वापरलेले बूच पुन्हा कधीही वापरू नये. बूच काढण्याच्या मळसूत्री आकड्याने त्यात भोक पडलेले असते, त्याची पकड गेलेली असते, आणि त्याच्या छिद्रांत जुन्या वाइनीबरोबर आंबविणारे व नासविणारे जंतू राहिलेले असतात.

साठवण

कारखान्यातून येणारी पिशवी हवाबंद असून तीत गंधकाचा धूर, ज्यास शास्त्रात सल्फर डायॉक्साइड म्हणतात, थोड्या प्रमाणात भरलेला असतो. हा वायू बुरशीस मज्जाव करतो. परदेशी द्राक्षे पाठविणाऱ्या आमच्या वाचकांस हे तत्काळ पटेल, कारण द्राक्षांच्या पेटीत घडांवर जो गंधकाचा कागद घालतात, तो हेच काम करतो. यास्तव पिशवी गरज पडेपर्यंत फोडू नये. न फोडलेली पिशवीदेखील फार काळ ठेवू नये; सहा महिन्यांच्या आत, फार तर वर्षाच्या आत, माल वापरून टाकावा.

पिशवी ठेवण्याची जागा सावलीची, १५ ते २५ अंश सेल्सिअस उष्णतेची व ५० ते ७० टक्के आर्द्रतेची असावी. आपल्या हवेत ही अट पुरी करणे सोपे नाही. नाशिक-खानदेशाकडील चैत्र-वैशाखाच्या कोरड्या झळांत उघडे बूच पाहता पाहता सुकते, आणि कोकणातील आषाढ-श्रावणात तेच बूच ओल पिऊन बुरसते. पत्र्याच्या छपराखालची खोली तर सर्वथा अयोग्य. जाड भिंतींच्या घरातील मधली खोली किंवा कोरडे तळघर पसंत करावे, आणि पिशवी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी.

फोडलेल्या पिशवीतील हवा दाबून काढावी, तोंड दुमडून घट्ट बांधावे, आणि ती पिशवी झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवावी. ओल कमी झाली की नाही हे डोळ्यांस दिसत नाही. परंतु घरातील वजनकाट्यास ते कळते. ४५ मिलिमीटरच्या शंभर बुचांचे वजन साधारणतः ३५० ते ४०० ग्रॅम भरते. पिशवी आणल्या दिवशी वजन करून ते तिच्यावर लिहून ठेवावे. ३६० ग्रॅमच्या पिशवीतील ओल ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली, तर वजन सुमारे ११ ग्रॅमने घटते. एवढी घट आढळल्यास बुचे सुकली असे समजावे. वजन वाढल्यास ओल शिरली असे समजावे व बुरशीचा शोध घ्यावा.

कीटकनाशकांच्या कोठीपासून दूर

आता जी गोष्ट सांगावयाची, ती शेतकऱ्याच्या घरात विशेष महत्त्वाची आहे. वाइनीस कधी कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो व फळाचा सर्व सुगंध मावळतो. हा दोष बुचाचा, हे पूर्वीपासून ठाऊक होते; पण त्याचे मूळ कारण स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिले. ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे एक द्रव्य ह्यास कारण आहे. क्लोरीनयुक्त फिनॉल जातीची रसायने व बुरशी ह्यांची गाठ पडली म्हणजे बुरशी त्या रसायनांपासून हे द्रव्य तयार करते. त्याचा प्रभाव इतका तीव्र आहे की, लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ते नाकास जाणवते. लिटरमागे ५ नॅनोग्रॅम धरल्यास एक कोटी लिटर वाइन बिघडविण्यास अवघे ५० मिलिग्रॅम पुरेसे होते. ते प्यायल्याने अपाय होत नाही. परंतु वाइन टाकून देण्याच्या लायकीची होते.

ही क्लोरीनयुक्त रसायने येतात कोठून? लाकडास कीड लागू नये म्हणून जी औषधे चोपडतात, त्यांत ती असत. काही कीटकनाशकांत व तणनाशकांत ती किंवा त्यांच्या जातीची द्रव्ये असतात. आणि क्लोरीनने धुतलेल्या लाकडात किंवा सालीत ती नव्याने तयार होतात. ह्याच कारणाने बुचाच्या कारखानदारांनी क्लोरीनने बुचे पांढरी करण्याची जुनी रीत सोडून हायड्रोजन पेरॉक्साइडची रीत स्वीकारली. बूच छिद्रमय असल्याने आसपासचा कोणताही वास ते ओढून घेते. म्हणून ज्या कोठीत औषधांचे डबे, खते, डिझेल, रंग किंवा जुने औषध लावलेले लाकूड असेल, तेथे बुचांची पिशवी एक दिवसही ठेवू नये. बुचे, ती ठेवण्याची भांडी अथवा ती खोली ब्लीचिंग पावडरने धुऊ नये. औषधाच्या रिकाम्या डब्याचा उपयोग तर चुकूनही करू नये. आमच्या मते घरगुती साठवणीतील ही सर्वांत महत्त्वाची काळजी होय.

वापरण्यापूर्वीची तयारी

हवाबंद पिशवीतील ताज्या बुचांस कोणतीही तयारी लागत नाही. हात स्वच्छ धुऊन, लागतील तेवढी बुचे काढून सरळ यंत्रात घालावी. हे ऐकून पुष्कळांचे समाधान होणार नाही. कारण पूर्वी लेप न दिलेली बुचे लाकडी मोगरीने ठोकून बसवीत, तेव्हा ती भिजवून मऊ केल्यावाचून आत जात नसत, आणि त्यावरून उकळण्याची रीत पडली. आजच्या बुचास ती रीत घातक आहे. उकळल्याने वरचा लेप निघून जातो, सालीतील तपकिरी कस पाण्यात उतरतो, छिद्रे मोकळी होतात आणि बूच ठिसूळ बनते. कण्यांच्या बुचाचा तर चिकटाही सुटू लागतो. शिवाय पाणी प्यालेले बूच यंत्रात दाबले की ते पाणी पिळून वाइनमध्ये उतरते, आणि काच व बूच ह्यांच्या मध्ये ओलसर थर राहून पकड ढिली पडते. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षे थांबून एका शेतकऱ्याने जी साल मिळविली, तिचा गुण दुसऱ्या शेतकऱ्याने चुलीवर तासाभरात घालवावा, हे कोणासही शोभणारे नाही.

पिशवी पूर्वीच फोडलेली असेल किंवा बुचे थोडी सुकली असतील, तर पुढील रीत वापरावी. झाकण घट्ट बसणारी खाद्यपदार्थांच्या उपयोगाची स्वच्छ प्लास्टिकची बादली घ्यावी; लोखंडी भांडे घेऊ नये, कारण गंधकाच्या वायूने ते गंजते. काचेच्या एका रुंद तोंडाच्या बरणीत अर्धा लिटर पाणी घेऊन त्यात सुमारे ६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट व ३ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ज्यास बाजारात लिंबूसत्त्व म्हणतात, विरघळवावे. सरबते व स्क्वॅश टिकविण्यासाठी हे मेटाबायसल्फाइट आपल्याकडे सर्वत्र वापरतात, त्यामुळे ते मिळण्यास अडचण नाही. ती बरणी न झाकता बादलीच्या मध्यभागी उभी करावी, तिच्या सभोवार कोरडी बुचे रचावी, बरणीतील पाणी बुचांवर सांडणार नाही अशी काळजी घ्यावी, आणि झाकण लावून तीन ते सात दिवस ठेवावे. द्रावणातून निघणारा वायू बुचांचे रक्षण करतो, आणि बादलीतील दमट हवेमुळे बुचांस ओल हळूहळू परत मिळते. बुचे न भिजता तयार होतात, हा ह्या रीतीचा मोठा फायदा.

झाकण मोकळ्या हवेत उघडावे व तोंड लांब ठेवावे. हा वायू घशास व डोळ्यांस झोंबतो, आणि दम्याचा विकार असलेल्यांनी तर त्याच्या जवळही जाऊ नये. इतकी सवड नसल्यास त्याच प्रमाणाच्या द्रावणातून बुचे केवळ बुचकळून काढावी व चाळणीत निथळू द्यावी. अर्धा तासही त्यात पडू देऊ नये. बुरशी आलेली, वास येणारी किंवा कुरतडली गेलेली बुचे मात्र कोणत्याही उपायाने सुधारत नाहीत. ती टाकून द्यावी.

बूच बसविणे व पुढील चार दिवस

बाटली बुचाच्या तोंडाची असावी. आटेदार झाकणाच्या बाटलीची काच बुचाच्या दाबास तयार केलेली नसते. वाइनीचे आंबणे पुरे झाल्याची खात्री करून घ्यावी. तीत साखर व जिवंत किण्व ह्या दोन्ही गोष्टी शिल्लक असतील तर आतून वायू साचून बूच उडते, प्रसंगी बाटली फुटते, आणि त्यात बुचाचा काही दोष नसतो. बाटली भरताना गळ्याचा वरचा भाग कोरडा राहील असे पाहावे. बुचाचे खालचे टोक व वाइनीची पातळी ह्यांत १२ ते १५ मिलिमीटर अंतर ठेवावे. हे अंतर कशासाठी, ते आमच्या उन्हाळ्यात चांगले समजते. २० अंशांवर भरलेली ७५० मिलिलिटर वाइन ३५ अंशांवर गेली की तीन-चार मिलिलिटरनी वाढते, आणि तेवढ्यानेच गळ्यातील ही सर्व मोकळी जागा व्यापली जाते. त्याहून अधिक तापल्यास बूच वर सरकू लागते व वाइन पाझरते.

थोड्या बाटल्यांस दोन दांड्यांचे हातयंत्र पुरते. शंभर-दोनशे बाटल्या असल्यास जमिनीवर उभे राहणारे यंत्र घ्यावे, कारण ते बूच चारी बाजूंनी सारखे दाबते व चुणी पाडीत नाही. बूच दाबावे हळू, पण आत ढकलावे एका झटक्यात, आणि ते बाटलीच्या तोंडाशी समपातळीत बसवावे. बूच गळ्यात गेल्याबरोबर बरेचसे फुगते, परंतु पूर्ण पकड येण्यास सुमारे एक दिवस लागतो, आणि आत दाबली गेलेली हवाही बाहेर पडावी लागते. म्हणून बाटल्या तीन दिवस उभ्या ठेवाव्या. चौथ्या दिवशी एखादे बूच वर आले आहे काय ते पाहावे, आणि मग सर्व बाटल्या आडव्या कराव्या, जेणेकरून बुचाचे आतील टोक वाइनीने ओले राहील व सुकणार नाही. बाटलीत गेल्यावरही बुचाची ओल राखण्याचे काम असे चालूच राहते.

येथवर जे सांगितले, त्यात खर्चाची गोष्ट जवळजवळ नाही. एक झाकणाची बादली, एक बरणी, वजनकाटा व थोडे मेटाबायसल्फाइट एवढ्यावर भागते. बाकी सर्व काम लक्ष ठेवण्याचे आहे, आणि लक्षास नोंदीची जोड हवी. आलेंतेझूचा शेतकरी झाडाच्या खोडावर वर्षाचा आकडा लिहून ठेवतो, म्हणून नऊ वर्षांनीही त्याची पाळी चुकत नाही. आमच्या वाचकांनी बुचांच्या प्रत्येक पिशवीवर आणल्याची तारीख, वजन व फोडल्याची तारीख, आणि बाटल्यांच्या प्रत्येक पेटीवर तीत कोणत्या पिशवीची बुचे वापरली ते लिहून ठेवावे. पुढे एखादी बाटली खराब निघाल्यास दोष वाइनीचा की बुचाचा हे त्यावरून ठरविता येईल, आणि पुढच्या हंगामाची खरेदी डोळसपणे होईल.